किलोंचा काटा आणि वर्षांचा हिशेब

मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं मुख्य पेटंट संपलं. 'ओझेम्पिक' आणि 'वेगोव्ही' या नावांनी जगभर गाजलेलं हे औषध बनवायला देशी कंपन्या मोकळ्या झाल्या. त्याच्यासमोर उभं आहे टिर्झेपेटाइड, म्हणजे 'मौंजारो'. ते भारतात आलं मार्च २०२५ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुमारे शंभर कोटी रुपयांची विक्री करून देशात सर्वाधिक उलाढाल असलेलं औषध ठरलं. ऑगमेंटिनसारखं घरोघरी माहीत असलेलं अँटिबायोटिकही त्याने मागे टाकलं.

आता डॉक्टरांच्या खोलीत, मेडिकलच्या काउंटरवर आणि शेअर बाजारात एकच प्रश्न विचारला जातो: दोघांत चांगलं कोणतं? या प्रश्नाच्या पोटात तीन वेगळे प्रश्न आहेत. वजन जास्त कशाने उतरतं, बाजारात कोण टिकेल आणि शरीराला दीर्घकाळ कोणतं मानवेल? पहिल्याचं उत्तर दीड वर्षाच्या चाचणीत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर बाजार दर तिमाहीला नव्याने देतो. तिसऱ्याला पाच-दहा वर्षं लागतात, आणि हजारो माणसांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या तरच ते हाती येतं. वजनाच्या औषधांच्या इतिहासात वारंवार घडलं ते असं की पहिल्या दोन उत्तरांवर लोकांनी तिसरं गृहीत धरलं. या लेखात त्या इतिहासाच्या उजेडात आजच्या स्पर्धेकडे पाहायचं आहे.

मागची पाटी कोरी नाही

वजन घटवणाऱ्या औषधांइतकी वाईट परंपरा फार थोड्या औषधवर्गांची असेल. नव्वदच्या दशकात अमेरिकेत फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन ही जोडगोळी 'फेन-फेन' नावाने धडाक्यात लिहून दिली जात होती. १९९७ च्या उन्हाळ्यात मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. हे मिश्रण घेणाऱ्या या स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या होत्या. सप्टेंबर १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन आणि त्याचं भावंड डेक्सफेनफ्लुरामिन अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावं लागलं. डेक्सफेनफ्लुरामिनला मंजुरी मिळून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. पुढे नुकसानभरपाईसाठी कंपनीला वीस अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला ठेवावी लागली.

त्याच वर्षी सिब्युट्रामिनला अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याने रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढतात हे पहिल्यापासून माहीत होतं, पण वजन उतरल्याचा फायदा त्याहून मोठा असेल असं मानलं गेलं. हे मानणं बरोबर आहे का, याची तपासणी सुमारे दहा हजार रुग्णांच्या 'स्काउट' चाचणीत झाली. हृदयविकार असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं. २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते गेलं, आणि २०११ मध्ये भारताने त्यावर बंदी घातली.

रिमोनाबँटची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. २००६ मध्ये युरोपने ते स्वीकारलं. २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीने ते एकमताने नाकारलं, कारण नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांचा धोका. अमेरिकेत ते कधीच विकलं गेलं नाही. भारतात मात्र देशी कंपन्यांच्या रिमोनाबँटच्या गोळ्या दुकानात आल्या. २००८ मध्ये युरोपने त्याची विक्री थांबवली आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये आपण बंदी घातली. म्हणजे धोक्याची जाहीर चर्चा झाल्यावरही अडीच वर्षं आपल्याकडे हे औषध बंदीविना राहिलं. तेवढ्या काळात ते किती लोकांनी घेतलं आणि त्यांचं काय झालं, याचा शिस्तशीर हिशेब आपल्याकडे ठेवला गेला नाही.

२०१० ची तिरंगी लढत

स्पर्धक औषधांची तुलना कशी फसते हे पाहायचं तर २०१० सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या तीन छोट्या कंपन्या एकाच दारात उभ्या होत्या. व्हायव्हसचं 'क्युनेक्सा' (फेंटरमिन आणि टोपिरामेट), अरीनाचं लोर्कासेरिन आणि ओरेक्सिजनचं 'कॉन्ट्रेव्ह' (नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑन). तिघांचंही भवितव्य एकेका औषधावर टांगलेलं. गुंतवणूकदार तिघांना एका ओळीत मांडून गुण देत होते.

ही गुणपत्रिका वरवर अगदी पटणारी होती. क्युनेक्साने वजन सर्वांत जास्त उतरायचं, सुमारे दहा टक्के. पण त्यातल्या टोपिरामेटमुळे गर्भातल्या बाळाला ओठ दुभंगण्याचा धोका होता, शिवाय स्मरण आणि एकाग्रतेच्या तक्रारी होत्या. लोर्कासेरिनचा परिणाम सौम्य होता. नकली गोळीच्या तुलनेत जेमतेम तीन-साडेतीन टक्के जास्त वजन उतरायचं, पण फेनफ्लुरामिनप्रमाणे झडपा बिघडू नयेत अशा बेताने ते घडवलेलं होतं. म्हणून 'सर्वांत सुरक्षित' हा शिक्का त्याच्यावर बसला. कॉन्ट्रेव्ह दोघांच्या मधलं.

जुलैमध्ये सल्लागार समितीने क्युनेक्साच्या विरोधात १० विरुद्ध ६ असा कौल दिला. सप्टेंबरमध्ये लोर्कासेरिनच्या विरोधात ९ विरुद्ध ५. डिसेंबरमध्ये कॉन्ट्रेव्हच्या बाजूने १३ विरुद्ध ७, तरी फेब्रुवारी २०११ मध्ये एफडीएने त्यालाही थांबवलं आणि हृदयावरच्या परिणामांची मोठी चाचणी मागितली. प्रत्येक कौलासरशी शेअर कोसळत किंवा उसळत होते. अखेर लोर्कासेरिन ('बेलव्हिक') जून २०१२ मध्ये, क्युनेक्सा ('क्युसिमिया' या नव्या नावाने) जुलै २०१२ मध्ये आणि कॉन्ट्रेव्ह सप्टेंबर २०१४ मध्ये मंजूर झालं.

पुढचं दशक त्या गुणपत्रिकेच्या अगदी उलट गेलं. सुमारे १२,००० रुग्णांच्या, पाच वर्षं चाललेल्या चाचणीत लोर्कासेरिन घेणाऱ्यांपैकी ७.७ टक्के आणि नकली गोळी घेणाऱ्यांपैकी ७.१ टक्के लोकांना कॅन्सर झाल्याचं आढळलं. फरक लहान होता, पण स्वादुपिंड, मोठं आतडं आणि फुप्फुस यांच्या कॅन्सरमध्ये तो नजरेत भरत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये औषध मागे घेतलं गेलं. ज्याला सगळे सर्वांत सुरक्षित म्हणत होते, तिघांपैकी तेच सुरक्षिततेच्या कारणाने गेलं. उंदरांमधल्या गाठींचा मुद्दा २०१० च्या समितीसमोर आला होता, हे इथे विसरून चालणार नाही. प्रश्न वेळेवर विचारला गेला होता. उत्तर यायला दहा वर्षं लागली.

कॉन्ट्रेव्हचा धडा वेगळा आहे. एफडीएने मागितलेल्या हृदयाच्या चाचणीत ठरलेल्या घटनांपैकी पाव हिस्सा जमा झाला तेव्हा मधली आकडेवारी फार आशादायक दिसली. हृदयाच्या गंभीर घटना ४१ टक्के कमी! असे मधले आकडे गुप्त ठेवायचे असतात, कारण ते बदलतात आणि बाहेर फुटले तर चाचणीच नासते. २०१५ मध्ये पेटंटच्या कागदपत्रांतून ते जाहीर झाले आणि शेअर उसळला. निम्म्या घटना जमा होईपर्यंत तो फायदा १२ टक्क्यांवर आला होता, म्हणजे योगायोगापासून वेगळा काढता येणार नाही इतका. चाचणी मध्येच थांबली आणि प्रश्न तसाच राहिला. ओरेक्सिजनने २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, व्हायव्हसने २०२० मध्ये. त्यांची औषधं आजही अमेरिकेत विकली जातात, पण कोट्यवधी रुग्णांची जी बाजारपेठ सगळ्यांनी गृहीत धरली होती ती त्यांना कधी मिळाली नाही. धोक्याची शंका मनात असलेले डॉक्टर लिहायला कचरले, विमा कंपन्यांनी खिसा उघडला नाही, आणि दहा टक्क्यांच्या आतल्या फायद्यासाठी रुग्णही वर्षानुवर्षं गोळी घेईनात.

आजचे दोन दावेदार

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड यांची जात वेगळी आहे. जेवल्यावर आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, पोट रिकामं होण्याचा वेग मंदावतं आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव देतं. शरीरात ते काही मिनिटांतच नष्ट होतं. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कने त्याच्यासारख्या रेणूला स्निग्धाम्लाची साखळी जोडून त्याला रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून राहायला लावलं, आणि आठवड्यातून एका इंजेक्शनवर काम भागू लागलं. अमेरिकेच्या एली लिलीचं टिर्झेपेटाइड याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

वजनाच्या काट्यावर निकाल स्पष्ट आहे. 'स्टेप-१' चाचणीत १,९६१ जणांमध्ये ६८ आठवड्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नकली इंजेक्शनने २.४ टक्के. 'सरमाउंट-१' मध्ये २,५३९ जणांपैकी टिर्झेपेटाइडचा सर्वांत मोठा डोस घेणाऱ्यांचं ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून निष्कर्ष काढणं धोक्याचं असतं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सरमाउंट-५' मध्ये दोन्ही औषधं समोरासमोर आली आणि तिथेही टिर्झेपेटाइडने २०.२ टक्के विरुद्ध १३.७ टक्के अशी बाजी मारली. पोटाच्या त्रासामुळे औषध सोडणाऱ्यांचं प्रमाणही त्याच्या बाजूला कमी होतं, २.७ टक्के विरुद्ध ५.६ टक्के.

वर्षांच्या हिशेबात मात्र सेमाग्लुटाइड पुढे आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'सिलेक्ट' चाचणीत आधीपासून हृदयविकार असलेले, पण मधुमेह नसलेले १७,६०४ स्थूल किंवा जास्त वजनाचे लोक सरासरी सव्वातीन वर्षांहून अधिक काळ पाहिले गेले. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण ८ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आलं. सिब्युट्रामिन जिथे नापास झालं त्याच परीक्षेत हे औषध उत्तीर्ण झालं, आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली आजवरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. पुढे 'फ्लो' चाचणीने मूत्रपिंडाचं संरक्षणही दाखवलं. टिर्झेपेटाइडची मधुमेहींमधली मोठी चाचणी २०२५ मध्ये आली. तेरा हजारांहून अधिक रुग्णांत ते ड्युलाग्लुटाइड या सिद्ध औषधापेक्षा हृदयासाठी कमी प्रतीचं नाही, एवढं त्यात ठरलं. ८ टक्क्यांचा फायदा दिसला, पण तो 'सरस' म्हणण्याइतका पक्का नव्हता. मधुमेह नसलेल्या स्थूल लोकांमधली त्याची मोठी चाचणी अजून चालू आहे.

धोक्यांची उतरंड

दुष्परिणामांची यादी सरसकट वाचली की एक तर भीती बसते, नाही तर सगळंच क्षुल्लक वाटतं. म्हणून त्यांची उतरंड लावावी लागते.

सर्वांत वरचा थर सामान्य त्रासांचा. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता. स्टेप-१ मध्ये सेमाग्लुटाइड घेणाऱ्या सुमारे ७४ टक्के लोकांना पोटाचा काही ना काही त्रास झाला, नकली इंजेक्शनवाल्यांपैकी ४८ टक्क्यांना. डोस हळूहळू वाढवला तर बहुतेकांना तो सोसतो. पण 'सोसतो' याला मर्यादा आहे. सिलेक्ट चाचणीत १६.६ टक्के लोकांनी दुष्परिणामांमुळे औषध सोडलं, दुसऱ्या गटात ८.२ टक्क्यांनी.

दुसरा थर कमी आढळणाऱ्या, पण गंभीर गोष्टींचा. पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला सूज, उलट्यांनी पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर येणारा ताण. मधुमेहाने डोळ्याचा पडदा आधीच खराब झालेल्यांमध्ये साखर झपाट्याने उतरल्यावर नजर बिघडण्याची भीती असते. पोट उशिरा रिकामं होत असल्याने भूल देण्याआधी भूलतज्ज्ञाला हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगणं आवश्यक आहे. हे धोके माहीत आहेत आणि डॉक्टर लक्ष ठेवून असेल तर बहुतेक वेळा आवरता येतात.

तिसरा थर दुर्मिळ धोक्यांचा. जून २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या समितीने निष्कर्ष काढला की सेमाग्लुटाइडमुळे डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक तुटून दृष्टी जाण्याचा प्रकार फार क्वचित, दहा हजारांत एकापर्यंत, घडू शकतो. एका रुग्णासाठी ही शक्यता नगण्य आहे. दहा लाख लोकांनी औषध घेतलं तर ती शंभर माणसांपर्यंत जाते, आणि त्या शंभरांना हे कशामुळे झालं हे कळण्यासाठी कुणीतरी नोंद करावी लागते.

चौथा थर अजून न सुटलेल्या शंकांचा. उंदरांमध्ये थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठी दिसल्या म्हणून अमेरिकेत या औषधांवर ठळक इशारा छापला जातो. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या सुमारे १ लाख ४५ हजार वापरकर्त्यांच्या नोंदींत थायरॉइड कॅन्सर लक्षणीय वाढल्याचं दिसलं नाही, आणि युरोपच्या समितीलाही कार्यकारणसंबंध आढळला नाही. हे दिलासा देणारं आहे. पण त्या नोंदींतला सरासरी काळ चार वर्षांच्या आसपास आहे, आणि लोर्कासेरिनची कथा वाचलेल्या माणसाने चार वर्षांवर पूर्ण विसंबू नये.

यांच्या जोडीला एक गोष्ट अशी, जिला दुष्परिणाम म्हणत नाहीत पण जिच्यावर सगळं गणित उभं आहे. औषध थांबवलं की वजन परत येतं. स्टेप-१ संपल्यानंतर वर्षभरात लोकांनी उतरवलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत मिळवलं. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखा हा दीर्घकाळचा उपचार आहे. लग्नाआधी तीन महिने घ्यायचा कोर्स म्हणून जो कुणी हे औषध मागतो, त्याला खर्च आणि त्रास सोसूनही हाती काही लागत नाही.

बाजार काय मोजतो

बाजाराच्या नजरेला काट्याचा आकडा आधी दिसतो. डिसेंबर २०२४ मध्ये नोव्होने 'काग्रीसेमा' या पुढच्या औषधाचा निकाल जाहीर केला. वजन २२.७ टक्के उतरलं होतं. अपेक्षा २५ ची होती, म्हणून एका दिवसात शेअर सुमारे एक पंचमांश कोसळला. ऑगस्ट २०२५ मध्ये लिलीच्या ऑर्फोर्ग्लिप्रॉन या रोजच्या गोळीचा निकाल सुमारे १२.४ टक्के आला आणि लिलीचा शेअर १४ टक्क्यांच्या आसपास घसरला. वास्तविक ही गोळी इंजेक्शनपेक्षा बनवायला सोपी, फ्रिजची गरज नसलेली आणि म्हणून गरीब देशांसाठी अधिक मोलाची. बाजाराच्या गुणपत्रिकेत त्या गोष्टीला त्या दिवशी रकाना नव्हता.

सुरक्षितता बाजाराला दिसते ती बहुधा औषध पडल्यावर. फायझरने एप्रिल २०२५ मध्ये डॅनुग्लिप्रॉन ही गोळी सोडून दिली, कारण एका व्यक्तीच्या यकृताला औषधामुळे इजा झाली असावी असं दिसलं. औषध बंद केल्यावर ती बरी झाली. एका माणसाच्या यकृतासाठी कंपनीने इतक्या वर्षांची मेहनत बाजूला ठेवली. या क्षेत्राने फेन-फेनपासून काही शिकल्याचं हे चांगलं लक्षण आहे. त्याच कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये नोव्होशी चढाओढ करून मेटसेरा ही कंपनी दहा अब्ज डॉलरपर्यंतच्या व्यवहारात विकत घेतली, यावरून या बाजाराची ओढही दिसते.

नेतृत्व किती लवकर फिरतं पाहा. २०२३ मध्ये नोव्हो युरोपातली सर्वांत मौल्यवान कंपनी होती. दोन वर्षांत तिचा प्रमुख बदलला आणि नऊ हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. लिली नोव्हेंबर २०२५ मध्ये एक लाख कोटी डॉलर मूल्य गाठणारी पहिली औषध कंपनी ठरली. पण सिलेक्ट चाचणी ज्या कंपनीने पैसे घालून पार पाडली ती नोव्हो होती. बाजारात मागे पडलेल्या औषधाचा पुरावा अधिक खोल असू शकतो, ही गोष्ट रुग्णाने आणि डॉक्टरने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या दारात

भारतात किमतीची घसरण झपाट्याने झाली. मौंजारो आलं तेव्हा एका आठवड्याच्या वायलची किंमत डोसप्रमाणे ३,५०० आणि ४,३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला चौदा ते साडेसतरा हजार. जून २०२५ मध्ये वेगोव्ही महिना १७,३४५ रुपयांपासून सुरू झालं. नोव्हेंबरमध्ये नोव्होने सुरुवातीच्या डोसची किंमत १०,८५० वर आणली आणि डिसेंबरमध्ये ओझेम्पिक ८,८०० रुपयांपासून उपलब्ध केलं. पुण्याच्या एमक्युअरने नोव्होशी करार करून सेमाग्लुटाइडचा दुसरा ब्रँड हाती घेतला, मुंबईच्या सिप्लाने लिलीशी करार करून टिर्झेपेटाइडचा. आता पेटंट संपल्यावर सन फार्मा, डॉ. रेड्डीज, झायडस यांसारख्या कंपन्या या मैदानात आहेत. टिर्झेपेटाइडचं पेटंट २०३६ पर्यंत आहे. म्हणजे पुढची दहा वर्षं भारतातली खरी लढत 'स्वस्त आणि हृदयासाठी सिद्ध' विरुद्ध 'महाग आणि काट्यावर सरस' अशी असेल. माझा अंदाज असा की रुग्णसंख्येत सेमाग्लुटाइड बरंच पुढे जाईल आणि ते योग्यही ठरेल. ज्याला हृदयविकार आहे त्याला सहा-साडेसहा टक्के जास्त वजन उतरण्यापेक्षा, परवडत असल्यामुळे वर्षानुवर्षं न तुटणारा उपचार अधिक मोलाचा आहे.

स्वस्ताईचा आनंद मोठा आहे आणि तो मानायलाच हवा. आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि सुमारे ४० टक्के प्रौढांच्या पोटावर घातक चरबी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या वर्गातल्या औषधांना अत्यावश्यक यादीत घेतलं, तेही मधुमेहाच्या जोडीला हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार, आणि स्थूलता असलेल्यांसाठी. पण स्वस्ताईमुळे धोक्याचं स्वरूपही बदलतं, आणि त्यातल्या तीन गोष्टी खास आपल्या आहेत.

पहिली, आपली शरीरं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपली ठेवण पुण्याच्या आसपासच्या गावांत जन्मलेल्या बाळांपासून याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी दाखवली आहे. आता याच्या शेजारी ही माहिती ठेवा: स्टेप-१ मधल्या १४० जणांच्या उपगटात उतरलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के, आणि सरमाउंट-१ मधल्या १६० जणांत सुमारे २५ टक्के भाग चरबीखेरीजच्या ऊतींचा होता. हे उपगट लहान आहेत आणि मोजणी वेगवेगळ्या चाचण्यांतली, त्यामुळे त्यावरून दोघांत निवाडा करता येत नाही. पण मुळात स्नायूंची पुंजी कमी असलेल्या साठीच्या मराठी बाईने पंधरा किलो गमावले तर त्यातले किती किलो जिना चढायला लागणाऱ्या मांड्यांमधले होते, हा प्रश्न आपल्याला युरोपीयांपेक्षा जास्त बोचायला हवा. सिलेक्टमधले बहुसंख्य रुग्ण गोरे होते. आपलं उत्तर आपल्यालाच शोधावं लागेल. तोवर पुरेशी डाळ-अंडी-दूध आणि वजन उचलण्याचा व्यायाम हा प्रिस्क्रिप्शनचाच भाग समजला पाहिजे.

दुसरी गोष्ट डोसाची. इंजेक्शनचा पेन ठरलेला डोस मोजून देतो. वायल स्वस्त पडते, पण सिरिंजमध्ये औषध ओढण्याचं काम रुग्णावर येतं. चिठ्ठीवर मिलिग्रॅम, बाटलीवर मिलीलीटर आणि इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिटच्या रेघा. अमेरिकेत काही फार्मसी स्वतः तयार करून बाटलीतून देतात त्या सेमाग्लुटाइडच्या बाबतीत एफडीएने २०२४ मध्ये इशारा दिला, कारण काही रुग्णांनी ठरलेल्या डोसाच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतलं होतं आणि त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. आपल्याकडे प्रत्येक वायलसोबत मराठीत, चित्रासह, 'या रेघेपर्यंत' असं सांगणारा कागद सक्तीचा असला पाहिजे. २ ते ८ अंशांत साठवण हवी, हेही त्याच कागदावर आणि तालुक्याच्या मेडिकलवाल्याच्या फ्रिजवर लिहिलेलं असावं.

तिसरी गोष्ट चिठ्ठीची. ही औषधं डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शनशिवाय देता येत नाहीत. स्थूलतेवरच्या औषधाची सार्वजनिक जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने निषिद्ध आहे. दोन्ही कायदे आहेत. अंमलबजावणीची कसोटी आता लागेल, जेव्हा डझनावारी ब्रँड एकाच ग्राहकासाठी भांडतील आणि जिम, ब्यूटी पार्लर आणि व्हॉट्सअॅप ग्रुप हे विक्रीचे रस्ते होऊ पाहतील. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने आत्ताच, पहिल्या वर्षात, चिठ्ठीविना विक्री रोखली नाही तर पुढे रोखणं फार जड जाईल.

मग निवड कशी करायची

एवढं सगळं तोलल्यावर माझा कौल असा. ज्याला हृदयविकार आहे आणि वजन जास्त आहे, त्याच्यासाठी आज सेमाग्लुटाइडचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. ज्याचं वजन धोकादायक मर्यादेपलीकडे आहे, ज्याला झोपेत श्वास अडकण्यासारखे त्रास आहेत आणि ज्याला खर्च झेपतो, त्याच्यासाठी टिर्झेपेटाइड योग्य. ज्याला लग्नाच्या फोटोसाठी पाच किलो कमी करायचे आहेत त्याच्यासाठी दोन्ही नाहीत. नव्या गोळ्यांबद्दल, आकडा कितीही मोहक असो, मोठी आणि लांब चाचणी येईपर्यंत थोडं थांबलेलं बरं.

आणि नोंदीचं काम आपण टाळता कामा नये. भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी यंत्रणा २०१० पासून आहे. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग ती चालवतो आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर डॉक्टरच नव्हे, रुग्णही तक्रार नोंदवू शकतो. रिमोनाबँटच्या वेळी आपण दुसऱ्या देशांनी मोजून सांगेपर्यंत वाट पाहिली. या वेळी सेमाग्लुटाइडचं एक मोठं स्वस्त मैदान आपलं आहे, त्यामुळे मोजण्याची जबाबदारीही आपली आहे. केंद्र सरकारने देशी ब्रँडना मंजुरी देताना ठरावीक संख्येच्या रुग्णांचा पाच वर्षांचा पाठपुरावा, डोळे, पित्ताशय आणि स्नायूंच्या मोजमापासह, अट म्हणून घालावा. ससून, केईएम, जेजे अशा रुग्णालयांनी एकत्र येऊन एक सामायिक नोंदवही सुरू करावी. कंपन्यांना त्याचा खर्च पेलवतो. इतक्या मोठ्या बाजारात शिरताना तो त्यांनी उचललाच पाहिजे. ही नोंदवही पहिल्या रुग्णापासून सुरू झाली तर पाच वर्षांनी आपल्याकडे आपल्या लोकांचं उत्तर असेल, आणि ते जगालाही उपयोगी पडेल.